पात्यातला हेतू

भगवतीसूत्र या जैन आगमाच्या सोळाव्या शतकाची, म्हणजे प्रकरणाची, सुरुवात लोहाराच्या ऐरणीपाशी होते. शिष्य गौतम गणधर महावीरांना विचारतात, की भट्टीत तापलेलं लोखंड सांडशीनं वर काढणाऱ्या आणि पुन्हा आत सारणाऱ्या माणसाला किती क्रिया लागतात, म्हणजे कर्मबंध घडवणाऱ्या किती प्रकारच्या कृतींचा तो धनी होतो. उत्तर मिळतं, पाच: देहाच्या हालचालीची, हिंसेच्या साधनाची, द्वेषाची, पीडा देण्याची आणि जीव घेण्याची. लोहारानं अजून कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. हातात लाल लोखंड आहे, समोर ऐरण आहे, इतकंच. तरीही हिशेब पूर्ण पाचांचा. ग्रंथ तिथेही थांबत नाही. ज्या जीवांच्या देहांपासून ते लोखंड, ती भट्टी, सांडशी, कोळसा आणि भाता बनला, त्या जीवांनाही त्याच पाच क्रिया लागतात असं तो सांगतो. आजच्या वाचकाला हे टोकाचं वाटेल. अग्नीत आणि लोखंडात जीव आहेत हे ज्याला मान्य नाही, तो हा उतारा जुन्या विश्वकल्पनेचा नमुना म्हणून बाजूला ठेवील. पण त्या कल्पनेखाली एक प्रश्न आहे आणि तो विश्वकल्पनेवर अवलंबून नाही. धारदार वस्तू घडवणाऱ्याचा त्या धारेनं पुढे जे घडेल त्यात वाटा किती? आणि तो वाटा कधी सुरू होतो, वार झाल्यावर की लोखंड तापल्यावर?

हा प्रश्न आज नव्यानं समोर येतो, कारण चाकू घडवायला शिकणाऱ्यांत आता पिढीजात लोहारांपलीकडची माणसं आली आहेत. गाडीच्या कमानीचा जुना पाटा, विटांची छोटी भट्टी, भात्याऐवजी विजेचा पंखा, ऐरणीच्या जागी रेल्वे रुळाचा तुकडा, एवढ्या सामानावर सुरुवात करता येते. या नवशिक्याला बहुतेक वेळा एक वाक्य आयतं मिळतं: चाकू म्हणजे नुसतं साधन, त्याचं बरंवाईट वापरणाऱ्याच्या हाती. हे वाक्य इतकं सोयीचं आहे की ते तपासून पाहायची गरजच कुणाला वाटत नाही. माझं म्हणणं असं, की ज्या ठिकाणी ते घडवणाऱ्याला मोकळं करतं नेमक्या त्याच ठिकाणी ते खोटं आहे. चाकू घडवताना कुणीतरी काही निर्णय घेतलेले असतात. ते निर्णय पोलादात आकार होऊन राहतात, आणि त्या आकाराचं उत्तर घडवणाऱ्यानंच द्यायचं असतं. ते उत्तर कुठवर पोचतं आणि कुठे संपतं, एवढाच खरा वाद आहे.

आकार म्हणजे काय ते भट्टीपाशीच पाहावं. कमानीच्या पाट्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो, म्हणून त्याला कठीणपणा आणता येतो. बांधकामाच्या साध्या मऊ लोखंडात तो पुरेसा नसतो, त्याला कितीही पाणी दिलं तरी धार टिकत नाही. पाट्याचा तुकडा तापवून ठोकायला घेतला की तो अजून काहीच नसतो. त्याचं फाळाचं टोक होऊ शकतं, विळी होऊ शकते, सुरा होऊ शकतो. मग हातोड्याच्या प्रत्येक फेरीबरोबर शक्यता कमी होत जातात. कांदा चिरायची सुरी करायची तर पातं पातळ हवं, धारेच्या बाजूला किंचित पोट हवं, मुठीजवळ पात्याची रुंदी इतकी हवी की पाटावर सुरी टेकली तरी बोटांची पेरं आपटणार नाहीत. टोक जेमतेम असलं तरी चालतं. खंजीर करायचा तर सगळं उलटं: दोन्ही बाजूंना धार, मधोमध ताठ कणा, टोक बरोबर मध्यरेषेवर, आणि मुठीच्या पुढे आडवी आड. ती आड का हवी याचा विचार केला की वाद निम्मा मिटतो. चिरताना हात पुढे घसरत नाही. घुसवताना, समोर हाड लागलं तर, घसरतो. ती आड त्या क्षणासाठी आहे. ज्यानं ती बसवली त्यानं तो क्षण मनात पाहिलेला आहे, निदान त्याच्या आधी ज्यांनी हा आकार ठरवला त्यांनी पाहिला होता आणि यानं तो जसाच्या तसा स्वीकारला. अशा पात्याबद्दल त्याचं बरंवाईट वापरणाऱ्याच्या हाती असं म्हणणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं होय. वापरणारा वार करील किंवा करणार नाही, पण वार कशाचा असेल हे आधीच ठरवून त्याच्या हातात दिलं गेलं आहे.

जैन विचारवंतांनी हे फार बारकाईनं पाहिलं होतं. साधनातून लागणाऱ्या क्रियेचे त्यांनी दोन भाग केले. नवीन हत्यार मुळातून घडवणं ही एक क्रिया, आणि आधीच तयार असलेले भाग जोडून हत्यार पुरं करणं ही दुसरी. टीकाकारांनी दुसऱ्या प्रकाराला दिलेलं उदाहरण तलवार आणि तिची मूठ यांचंच आहे. आजच्या नवशिक्यांपैकी अनेकजण तयार पातं विकत आणून त्याला फक्त लाकडी मूठ बसवतात आणि इथून शिकायला लागतात. त्यांचा वाटा लहान, असं सहज वाटतं. जुना हिशेब तसं म्हणत नाही. मूठ बसेपर्यंत पातं हे लोखंडाचा धारदार तुकडा असतं, मूठ बसली की ते कुणाच्या तरी हाताचं होतं. जोडणारा साखळीतला शेवटचा माणूस आहे, आणि वस्तू कशी वापरली जाईल हे घडवणाऱ्याहून त्याला जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून त्याची क्रिया वेगळी मोजली गेली. माफ केली गेली नाही.

यावरचा सर्वांत सबळ आक्षेप कोयत्याचा आहे. आकारावरून हेतू कळतो म्हणता, तर कोयता घ्या. ऊस बुडाशी छाटायचा, वरचं वाढं उडवायचं, यासाठीच त्याचा आकार घडला. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर हंगामात निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचं पोट त्या पात्यावर आहे. आणि गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वर्तमानपत्रांत हेच नाव टोळ्यांच्या दहशतीच्या बातम्यांतून येतं. घडवणाऱ्यानं शेतीसाठी घडवलं आणि रस्त्यावर माणसावर चाललं. घरगुती सुरीची गोष्ट याहून अवघड आहे, कारण ती प्रत्येक घरात हाताशी असते आणि रागाच्या भरात माणूस जे हाताशी येईल ते उचलतो. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही डॉक्टरांनी मांडलं होतं की लांब, टोकदार स्वयंपाकी सुरीला त्या टोकाची खरी गरज नसते, म्हणून अशा सुऱ्यांच्या विक्रीवर बंदी यावी. तेव्हा त्यावर पुष्कळ टीका झाली. पण त्या सूचनेमागचा विचार मला या वादात मोलाचा वाटतो. स्वयंपाकघराची सुरीसुद्धा एका ठरलेल्या आकाराची असते, तो आकार कुणीतरी निवडलेला असतो, आणि निवडीत पर्याय असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे आक्षेपाचं उदाहरणच आकाराचा प्रश्न पुसून टाकत नाही, उलट तो स्वयंपाकघरापर्यंत आणून पोचवतं.

तरी आक्षेपाचा मुख्य भाग उरतोच. आपण घडवलेल्या वस्तूनं पुढे जे जे होईल त्या सगळ्याचा भार घडवणाऱ्यावर टाकता येत नाही. इथे भगवतीसूत्रातलाच दुसरा उतारा उपयोगी पडतो. ग्रंथाच्या पाचव्या शतकात धनुर्धाऱ्याचा विचार आहे. बाण सोडला आणि तो वर जाताना जीव मेले, तर सोडणाऱ्याला पाच क्रिया लागतात. पण तोच बाण स्वतःच्या भारानं खाली येताना वाटेत जीव मेले तर त्याला चारच लागतात. एक क्रिया कमी होते, कारण या टप्प्यावर बाण त्याच्या जोरानं चाललेला नाही. वाटा शून्य होत नाही, पण घटतो. ज्या परंपरेला आपण सगळ्यात कठोर समजतो, तीच परंपरा कर्त्याचा जोर कुठे संपतो हे शोधते आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोयत्याचा लोहार बाणाच्या या दुसऱ्या टप्प्यात आहे. त्याचा जोर उसाच्या बुडख्यापर्यंत होता. मात्र हंगाम नसताना कुणी अनोळखी माणसानं त्याच्याकडे डझनभर कोयत्यांची मागणी केली, लांबी नेहमीपेक्षा जास्त सांगितली, आणि पैसे दुप्पट देऊ केले, तर त्या क्षणी तो पुन्हा पहिल्या टप्प्यात येतो. आकार जवळजवळ तोच राहिला, पण त्याचं ज्ञान बदललं.

बौद्ध परंपरेत हाच भेद अधिक मोकळेपणानं दिसतो. अंगुत्तर निकायात उपासकानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या टीकेत, शस्त्रांच्या व्यापाराचा अर्थ आयुधं घडवून घेऊन विकणं असा दिला आहे, म्हणजे बंदी नुसत्या दुकानदाराला नाही. पण दुसरीकडे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंना चाकूची परवानगी आहे. भिक्षू चीवराचं कापड हातानं फाडत होते, ते वेडंवाकडं फाटत होतं, म्हणून कापड कापायला पातं चालेल असं ठरलं, त्याला मूठही चालेल असं ठरलं, फक्त मूठ सोन्याचांदीची नको. वस्तरा, वस्तऱ्याला धार लावायचा दगड, वस्तरा ठेवायची पिशवी, सगळ्याला संमती आहे. आणि याच विनयातला तिसरा पाराजिक नियम, ज्याच्या भंगानं भिक्षू संघातून कायमचा बाहेर पडतो, मनुष्यहत्येबरोबरच मरणाऱ्यासाठी शस्त्र आणून देण्याला लागू होतो. एकाच पिटकात एका पात्याला पिशवी आहे आणि दुसऱ्या पात्यासाठी संघाचं दार बंद आहे. दोन्ही लोखंडाचीच. फरक कशासाठी आणि कुणाच्या हातात याचा आहे, आणि हे माहीत असूनही देण्याचा आहे. याच परंपरेत बुद्धांचं शेवटचं भोजन पावा इथल्या धातुकाम करणाऱ्या चुंदाच्या घरी झालं. त्या अन्नानंतर ते आजारी पडले, आणि महापरिनिर्वाणाआधी त्यांनी शिष्य आनंदाला बजावून ठेवलं की चुंदाच्या मनात अपराधाची टोचणी राहू देऊ नका, ते दान मोठ्या पुण्याचंच होतं. श्रद्धेनं दिलेल्या वस्तूचा परिणाम मृत्यूत झाला तरी देणारा दोषी ठरत नाही, हे याहून स्पष्टपणे कसं सांगता येईल? पण चुंद दोषमुक्त झाला तो अन्न तटस्थ असतं म्हणून नव्हे. त्यानं दिलं ते काय समजून दिलं, यावरून झाला.

भारतीय लोखंडाचा एक संदर्भ फार दूरच्या ग्रंथात सापडतो आणि तो या वादाला नेमका लागू पडतो. बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात मूर्तिपूजकांशी कोणता व्यवहार करावा याची चर्चा आहे. त्यांना लोखंडाच्या कांबी विकू नयेत, कारण ते त्यांची शस्त्रं करतील, असं एक मत येतं. लगेच कुणी विचारतं, मग कुदळी आणि कुऱ्हाडीही विकू नयेत का? त्यांचीही शस्त्रं होतील. त्यावर रब्बी जवीद उत्तर देतात की ही मनाई भारतीय लोखंडाबद्दल आहे. दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेलं, एक टक्क्याहून जास्त कार्बनचं पोलाद पश्चिम आशियात जात असे आणि त्याची उत्तम पाती होत. बहुधा तेच इथे अभिप्रेत आहे. म्हणजे आकार येण्याआधी, नुसत्या कच्च्या मालातही हेतू वाचता येतो असं या रब्बींना वाटलं, कारण इतक्या महागड्या पोलादाची कुदळ कुणी करत नसे. पण चर्चा इथे संपत नाही. मग आज आपण विकतो ते कसं, असा प्रश्न येतो, आणि रब्बी आशी सांगतात की आपण पर्शियनांना विकतो, ते आपलं रक्षण करतात. मला या उत्तराचा प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. लोखंडाचा काय दोष, असं ते म्हणत नाहीत. हे शस्त्र होणार हे आम्हाला माहीत आहे, कुणाच्या हाती जाणार हेही माहीत आहे, आणि आमचं कारण हे आहे, असं म्हणतात.

संरक्षणासाठी शस्त्र घडवणाऱ्याच्या बाजूनं जे काही म्हणता येतं ते याच रीतीनं म्हणता येतं. शीख परंपरेत कृपाण धारण करणं हा धर्माचा भाग आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात त्याला मान्यता आहे. स्वराज्य काही विळ्यांनी उभं राहिलं नाही. सीमेवरच्या सैनिकाच्या बंदुकीला लावायची संगीन कुणीतरी घडवतोच. या सगळ्यांना अधर्म म्हणणं मला मान्य नाही. पण ज्यानं ते घडवलं त्यानं कारण द्यावं, आणि ते कारण पात्याच्या निर्दोषपणाचं नसावं, रक्षणाचं असावं. कारण दिलं की ते तपासता येतं: कुणाचं रक्षण, कुणापासून, किती? तटस्थतेचं वाक्य नेमकं हे प्रश्न विचारू देत नाही. आपला कायदाही आकार आणि हेतू यांच्याकडे पाहतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र ठरत नाहीत. १९६२ च्या नियमांनी घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामांसाठी नसलेल्या नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रांत गणलं होतं. कायदा मनात शिरू शकत नाही, म्हणून तो मोजपट्टी लावतो. पण मोजपट्टी लावतो ती घडवताना घेतलेल्या निर्णयांनाच.

आतापर्यंत दुसऱ्याला इजा करायच्या हेतूबद्दल बोललो. चाकू घडवणाऱ्याच्या जबाबदारीचा मोठा भाग मात्र याहून साध्या जागी आहे आणि धर्मचर्चेत तो सहसा सुटतो. पातं ठोकून, घासून झालं की त्याला पाणी द्यायचं असतं. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर नेऊन ते कोमट तेलात विझवतात. या क्षणी ते कठीण होतं आणि काचेसारखं ठिसूळही. म्हणून लगेच त्याला पुन्हा हलकी आच द्यावी लागते, साधारण २०० अंशांची, घासून उजळ केलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळसर रंग चढेपर्यंत. त्यानं थोडा कठीणपणा जातो आणि चिवटपणा येतो. ही दुसरी आच वगळली तरी पातं दिसायला तसंच दिसतं. धार तर आणखी तेजच लागते. भट्टीत जास्त वेळ राहून पोलादाचे कण मोठे झाले असतील, विझवताना केसाएवढी चीर गेली असेल, पात्याचं शेपूट जिथे मुठीत शिरतं तिथे गोलाईऐवजी काटकोनी खाच राहिली असेल, तर यातलं काहीही मूठ बसल्यावर घेणाऱ्याला दिसत नाही. ते फक्त घडवणाऱ्याला माहीत असतं. नारळ सोलताना पातं तुटून तळहातात घुसलं तर त्याला अपघात म्हणतील. पण जे त्याला माहीत होतं आणि दुसऱ्याला माहीत होणं शक्यच नव्हतं, ते झाकून त्यानं वस्तू हातात दिली. हेतूच्या परीक्षेत तो निर्दोष असेल. ज्ञानाच्या परीक्षेत नाही. म्हणून त्याच पाट्याचा एक तुकडा तसंच पाणी देऊन मुद्दाम मोडायचा आणि आतले कण राखाडी, मखमली दिसतात की खडबडीत चमकतात ते पाहायचं, या जुन्या रीतीला मी नैतिक कृती मानतो. ही रीत स्वतःच्या कामाविरुद्ध पुरावा शोधते. आणि म्हणूनच नवशिक्यानं पहिलं पातं तीनचार इंचांचं, भाजी चिरण्याजोगं करावं, लांब खंजिराच्या मोहात पडू नये, असं मला ठामपणे वाटतं. हात तयार नसतो हे एक कारण. पण आपल्या पात्याच्या पोटात काय आहे हे ओळखायला तो अजून शिकलेला नसतो, हे त्याहून मोठं.

गीतेच्या आधारानं एक आक्षेप येईल. अठराव्या अध्यायात सांगितलं आहे की धुरानं अग्नी वेढलेला असतो तशी सगळी कर्मं दोषानं वेढलेली असतात, म्हणून आपलं सहज कर्म दोषयुक्त असलं तरी सोडू नये. मग लोहारानं एवढा हिशेब का ठेवावा? त्यानं आपलं काम करावं आणि फळ सोडून द्यावं. खंडेनवमीला आपण तलवारीशेजारी विळा, हातोडा, कानस, आता लेथ मशीनसुद्धा पुजतो, तिथे कुठे भेद करतो? या आक्षेपाला महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध उत्तर देतो, असं मला दिसतं. मिथिलेच्या बाजारात मांस विकणारा हा माणूस ब्राह्मणाला धर्म शिकवतो. शेतीत नांगराखाली किती जीव मरतात हे तो दाखवतो, अहिंसेचा अहंकार कसा पोकळ असतो ते सांगतो. त्याच्या आधारानं पुष्कळजण प्रत्येक व्यवसाय सारखाच निर्दोष ठरवतात. पण धर्मव्याध स्वतःच्या कामाला घोर म्हणतो, तेही निःसंशय घोर. तो स्वतः प्राणी मारत नाही, मांस खात नाही, आणि त्यानं आपल्या व्यवहाराला कडक मर्यादा घातलेल्या आहेत. दोष सगळीकडे आहे याचा अर्थ दोष मोजू नये असा त्यानं घेतला नाही, जपून चालावं असा घेतला. धूर आहे म्हणून भट्टी विझवायची नाही हे खरं. पण धुरात काय जळतंय हे पाहायचं नाही, असं गीताही म्हणत नाही. आणि खंडेनवमीचं म्हणाल तर ती पूजा माझ्या बाजूनं साक्ष देते. ज्याला आपण निव्वळ निर्जीव साधन समजतो त्याला कुणी फूल वाहत नाही. त्या दिवशी हत्यार पाटावर ठेवून हात जोडणाऱ्याला ठाऊक असतं की या वस्तूत ताकद आहे आणि ती दोन्हीकडे चालते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मी नाही घडवलं तर दुसरा घडवील. हा युक्तिवाद इतका सर्वत्र चालतो की त्याचा पोकळपणा दिसेनासा झाला आहे. दुसरा घडवील हे त्याच्या कर्माचं वर्णन आहे, माझ्या कर्माचं नाही. पण यामागे एक खरी अडचण आहे, ती मान्य केली पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त ज्या बलुतेदारीचं वर्णन केलं, तिच्यात लोहार कुणासाठी घडवतो हे त्याला माहीत असे. फाळ कुणाच्या नांगराला, विळा कुणाच्या हातात, कुऱ्हाड कुणाच्या घरी, आणि बिघडलं तर ती परत कुणाकडे येणार, हे सगळं ठरलेलं होतं. मला त्या व्यवस्थेचं कौतुक करायचं नाही. तिनं लोहाराला जातीत आणि गावात बांधून ठेवलं, त्याच्या श्रमाचं मोल धान्याच्या पेंढ्यांत मोजलं, आणि घिसाडी लोहारांसारख्या भटक्यांना तर तेवढीही जागा दिली नाही. पण तिच्यात घेणाऱ्याची ओळख होती, आणि ती ओळख गेल्यावर घडवणाऱ्याची जबाबदारी आपोआप संपते असं मानणं सोयीचं असलं तरी बरोबर नाही. ओळख नसेल तर ती करून घ्यावी लागते. काय कापायचं आहे, कोण वापरणार, घरात लहान मुलं आहेत का, हे विचारणं जुन्या लोहाराला लागत नसे. आज घरच्या भट्टीत पाती घडवून अनोळखी माणसांना विकणाऱ्याला लागतं. उत्तर पटलं नाही तर नाही म्हणण्याचं स्वातंत्र्य त्याला आहे, जे बलुतेदाराला नव्हतं.

हे सगळं मान्य केलं तरी जैन हिशेबाचा एक भाग उरतो. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकातल्या योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे व्यवसाय सांगताना भट्टीच्या कामांत लोहारकाम धरलं, आणि विषाच्या व्यापाराखाली शस्त्राबरोबर नांगर आणि लोखंडही घातलं. म्हणजे सुरी आणि खंजीर यांतला जो भेद मी इतका वेळ करतो आहे, तो त्यांच्या दृष्टीनं पुरेसा नाही. नांगर चांगल्या हेतूनं चालतो, तरीही जीव मारतो. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि हेतूच्या भाषेत ते देताही येणार नाही, कारण हा आक्षेप हेतूबद्दल नाहीच. फक्त त्याच परंपरेच्या आगमांतलं एक उदाहरण पुढे ठेवता येतं. उपासकदशांग या ग्रंथात महावीरांच्या दहा आदर्श श्रावकांच्या कथा आहेत. त्यांतला सद्दालपुत्त कुंभार आहे, पाचशे दुकानांचा, भट्ट्यांचा धनी. पहिला श्रावक आनंद शेतकरी आहे. व्रत घेताना त्यानं नांगर सोडले नाहीत, त्यांची संख्या ठरवली: पाचशे नांगर, त्याहून एकही अधिक नाही. गृहस्थाच्या धर्मानं त्याच्यापुढे ठेवलेली वाट परिमाणाची होती, आणि चाकू घडवणाऱ्यालाही तीच वाट खुली आहे. आपण कोणती पाती घडवणार, किती लांबीपर्यंत, वर्षाला किती, कुणाला देणार नाही, कोणता आकार कितीही पैसे मिळाले तरी ऐरणीवर घेणार नाही, हे त्यानं पहिला पाटा भट्टीत सारण्याआधी ठरवावं आणि शिकवणाऱ्यानं ते त्याच्याकडून ठरवून घ्यावं.